वाटा वाढतात, रोध घटतो

नववीच्या 'धाराविद्युत' या प्रकरणात एक विधान येते आणि बहुतेक मुलांच्या ते गळी उतरत नाही. रोध समांतर जोडले की परिणामी रोध त्यांच्यातल्या सर्वांत लहान रोधापेक्षाही कमी भरतो. १ ओहमला १०० ओहमचा रोध समांतर जोडा; एकूण रोध १०१ होत नाही, १ सुद्धा राहत नाही, ०.९९ ओहमवर येतो. रोध म्हणजे अडथळा. मग अडथळ्याच्या जोडीला दुसरा अडथळा आणल्यावर एकूण अडथळा कमी कसा झाला? मुलांचा हा प्रश्न अगदी रास्त आहे. वर्गात मात्र त्याचे उत्तर म्हणून सूत्र हाती पडते: व्यस्तांची बेरीज करा आणि आलेल्या बेरजेचा पुन्हा व्यस्त घ्या. गणिते सुटू लागतात, पेपरात गुण मिळतात आणि मूळ प्रश्न तसाच मागे राहतो.

तो मागे राहू नये, असे मला मनापासून वाटते. आपल्या घरातले प्रत्येक उपकरण समांतर जोडलेले आहे. वायर तापते, दिवे मंद होतात, शॉक बसतो, एका रात्रीत गल्लीतले टीव्ही जळतात, या सगळ्यामागे हाच विषय आहे. दोनशे-अडीचशे वर्षांत तो कसा उलगडत गेला आणि आजही माणसे त्यात नेमकी कुठे अडखळतात, हे एकत्र मांडण्याचा हा प्रयत्न आहे.

आधी सूत्राचा गुंता सोडवू. तो पडतो, कारण आपण समांतर जोडणीकडे रोधाच्या बाजूने पाहतो. वाहकतेच्या बाजूने पाहिले तर कोडे उरतच नाही. वाहकता म्हणजे रोधाचा व्यस्त. तिचे एकक सीमेन्स. समांतर जोडणीत प्रत्येक शाखेच्या दोन टोकांमधले विभवांतर सारखेच असते. त्यामुळे प्रत्येक शाखा शेजारच्या शाखेला न विचारता आपापल्या वाहकतेप्रमाणे धारा घेते आणि मुख्य तारेत या सगळ्या धारांची बेरीज होते. धारांची बेरीज होते म्हणजेच वाहकतांची बेरीज होते. १ ओहमची वाहकता १ सीमेन्स, १०० ओहमची ०.०१. मिळून १.०१ सीमेन्स. धारेला एक वाट होती, तिथे आता दुसरी अरुंद का होईना, पण वाट झाली. ती पहिल्या वाटेतले काहीच काढून घेत नाही, म्हणून एकूण वहन वाढणारच. व्यस्ताचा व्यस्त घेण्याची कसरत केवळ उत्तर ओहममध्ये हवे म्हणून करावी लागते.

दोनच रोध असतील तर 'गुणाकार भागिले बेरीज' हे सोपे रूप चालते. तीन रोध आले की मुले तिघांचा गुणाकार करून तिघांच्या बेरजेने भागतात. ही चूक पकडायला एककाकडे नुसते पाहिले तरी पुरते: तीन ओहमांचा गुणाकार भागिले ओहम, म्हणजे उत्तर ओहमच्या वर्गात येते. रोध कधी ओहमच्या वर्गात नसतो.

आपला वायरमन हे सूत्र न लिहिता रोज वापरतो. २००० वॅटचा गिझर आणि १००० वॅटची इस्त्री २३० व्होल्टवर चालू असेल, तर तो ३००० वॅट धरतो, २३० ने भागतो आणि १३ अँपिअर सांगतो. आता हेच पुस्तकी वाटेने करून पाहू. गिझरचा रोध २६.४५ ओहम, इस्त्रीचा ५२.९ ओहम. समांतर जोडणीचा परिणामी रोध १७.६३ ओहम आणि २३० व्होल्टला त्यातून जाणारी धारा १३.०४ अँपिअर. उत्तर तेच. विभवांतर ठरलेले असताना वॅट हे वाहकतेच्या प्रमाणात असतात, म्हणून वॅटची बेरीज म्हणजे वाहकतेचीच बेरीज. ६ अँपिअरच्या सॉकेटवर मल्टिप्लग लावून त्यात चार गोष्टी खोचल्या की काय होते, तेही यातच आले. प्रत्येक नव्या प्लगबरोबर एकूण रोध घटतो, धारा वाढते आणि ती सगळी धारा त्या एकाच सॉकेटच्या पत्र्यातून जाते.

दुसरा गैरसमज याहून जुना आणि जास्त धोक्याचा आहे. 'वीज नेहमी कमीत कमी रोधाच्या वाटेने जाते' हे वाक्य शिकलेली माणसेही ठामपणे म्हणतात. धारा सगळ्याच वाटांनी जाते. सोप्या वाटेने जास्त आणि अवघड वाटेने कमी, वाहकतेच्या प्रमाणात. हा खुलासा ओहमच्याही अर्धशतक आधी झालेला आहे. टॉर्पेडो नावाचा मासा शॉक देतो. तो शॉक विजेचा आहे, असे जॉन वॉल्श यांनी १७७२ च्या सुमारास फ्रान्सच्या किनाऱ्यावर केलेल्या प्रयोगांतून मांडले. त्यावर आक्षेप आला. मासा खाऱ्या पाण्यात असतो, पाणी स्वतःच विजेचे वाहक. मग वीज पाण्याची सोपी वाट सोडून माणसाच्या हातातून कशाला जाईल? हेन्री कॅव्हेंडिश यांनी लाकडाचा आणि नंतर चामड्याचा नकली मासा बनवला, तो वीज साठवणाऱ्या लेडन बरण्यांना जोडला आणि मिठाच्या पाण्यात बुडवून लोकांना शॉक देऊन दाखवला. १७७६ च्या निबंधात त्यांनी स्पष्ट लिहिले की वीज फक्त सर्वांत जवळच्या वाटेने जाते हा समज प्रयोगाशी जुळत नाही. अनेक वाटा असतील तर ती सगळ्यांत विभागली जाते आणि ज्या वाटेचा रोध कमी, तिच्या वाट्याला जास्त येते. समांतर जोडणीचा नियम असा एका माशाच्या निमित्ताने आला. कॅव्हेंडिश यांचे विजेवरचे बरेचसे काम मात्र कपाटातच राहिले. मॅक्सवेल यांनी ते संपादित करून १८७९ मध्ये छापले, तोवर त्यातले पुष्कळसे इतरांनी नव्याने शोधून काढले होते.

त्या इतरांमध्ये पहिले नाव गेऑर्ग ओहम यांचे. कोलोनच्या शाळेत शिकवणाऱ्या या माणसाला व्होल्टाच्या बॅटरीने फार छळले. तिचे विभवांतर प्रयोग चालू असतानाच घसरत असे. पोगेनडॉर्फ या भौतिकशास्त्रज्ञाच्या सांगण्यावरून त्यांनी बिस्मथ आणि तांब्याच्या जोडाचे एक टोक उकळत्या पाण्यात, दुसरे बर्फात ठेवून स्थिर स्रोत मिळवला आणि मग धारा विभवांतराच्या प्रमाणात असते हा नियम दिसला. १८२७ मध्ये पुस्तक आले. लंडनच्या रॉयल सोसायटीने त्यांना कोपली पदक दिले ते १८४१ मध्ये. पुढे १८४५ मध्ये गुस्ताव किर्कहॉफ यांनी, अजून विद्यार्थीच असताना, आपले दोन नियम मांडले. कोणत्याही सांध्याकडे येणाऱ्या धारांची बेरीज तिथून जाणाऱ्या धारांइतकी असते, हा त्यातला पहिला नियम. समांतर जोडणीचे सगळे गणित त्यातून एका ओळीत निघते.

नियम हाती होता, तरी त्याचा अर्थ कळायला आणखी पस्तीस वर्षे लागली. ही गोष्ट जरा सविस्तर सांगायला हवी. १८७० च्या दशकात रस्त्यांवर आर्क दिवे होते. ते एकसर, म्हणजे एकापाठोपाठ एक, जोडीत आणि त्यांचा उजेड घरात लावण्यासारखा नव्हता. हा उजेड लहान लहान भागांत वाटून घरोघर द्यायचा, हा तेव्हाचा मोठा प्रश्न होता. विल्यम प्रीस या ब्रिटिश टपाल खात्याच्या इंजिनिअरने १८७९ मध्ये हिशोब मांडून दाखवले की दिवे जितके वाढवाल, तितका एकूण उजेड झपाट्याने घटेल. म्हणून हे काम अशक्य आहे, असे त्यांनी जाहीर केले. त्यांचे गणित चुकले नव्हते. स्रोताचा आणि तारांचा रोध ठरलेला, दिवेही त्या काळातले कमी रोधाचे, असे धरून ते बसले होते. गृहीतच बदलता येईल, हे त्यांच्या ध्यानात आले नाही.

मेन्लो पार्कच्या प्रयोगशाळेत एडिसन आणि त्यांचे गणिती सहकारी फ्रान्सिस अप्टन यांनी नेमके तेच बदलले. एक नमुना करून पाहू. १०० दिवे समांतर जोडले आणि त्यांच्याकडे जाणाऱ्या तारेचा रोध ०.१ ओहम आहे. प्रत्येक दिवा २ ओहमचा असेल, तर शंभरांचा मिळून रोध ०.०२ ओहम. म्हणजे दिव्यांपेक्षा तारेचाच रोध पाचपट, आणि ८३ टक्के ऊर्जा तार तापवण्यात जाणार. आता प्रत्येक दिवा १४० ओहमचा घ्या. शंभरांचा मिळून रोध १.४ ओहम. तारेत जाते ती ऊर्जा जेमतेम ७ टक्क्यांपर्यंत उतरते. तार तीच, तांबे तेवढेच. म्हणून एडिसनना बारीक, लांब, जास्त रोधाचा कार्बनचा तंतू हवा होता. दिव्यावर काम करणारे त्यांच्याआधी आणि त्यांच्याबरोबर अनेक जण होते. समांतर जोडायचे असेल तर प्रत्येक शाखेचा रोध मोठा ठेवला पाहिजे, ही समज मात्र एडिसन यांच्या जानेवारी १८८० च्या पेटंटचा गाभा आहे. ४ सप्टेंबर १८८२ रोजी न्यूयॉर्कच्या पर्ल स्ट्रीटवरून सुमारे ११० व्होल्टवर वीज वाहू लागली. एक दिवा बंद केला तरी शेजारचा जळत राहिला. आपल्या घरातली जोडणी थेट तिथून आलेली आहे. माझ्या मते दिव्याच्या शोधाची गोष्ट शाळेत सांगताना तंतूच्या टिकाऊपणावर जेवढा भर देतात, त्याहून जास्त तो या हिशोबावर द्यायला हवा.

प्रीस यांनी ज्या रोधाचा बाऊ केला, तो मुख्य तारेचा रोध काही नाहीसा झालेला नाही. पुस्तकातल्या आकृतीत तारांना रोध नसतो, म्हणून तिथे एका शाखेचा दुसरीवर काहीच परिणाम होत नाही. खऱ्या घरात मीटरपासून न्हाणीघरापर्यंत तार जाते. दीड चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर, अंतर २० मीटर, जाऊन-येऊन ४० मीटर, रोध सुमारे ०.४६ ओहम. त्याच वायरीवर गिझर लावला की ८.७ अँपिअरला ४ व्होल्ट तारेतच खर्च होतात आणि तिथला साधा बल्ब क्षणभर डोळा मिटल्यासारखा मंद होतो. म्हणूनच चांगला वायरमन गिझरला बोर्डापासून वेगळी, जाड वायर ओढतो. शेतातल्या पाटाचे तसेच आहे: दारे जितकी जास्त उघडाल, तितके एकूण पाणी जास्त वाहते, पण पाट अरुंद असेल तर शेवटच्या वाफ्यापर्यंत पाणी पोचत नाही. गावात एकाच डीपीवरून लांबवर तार गेलेली असते आणि थ्री-फेज आली की सगळे पंप एकदम सुरू होतात. तेव्हा शेवटच्या खांबावरच्या शेतकऱ्याची मोटार नुसती घुमते, ती याच कारणाने. जोडणी समांतर खरी, परंतु सामाईक तार प्रत्येकाशी एकसर आहे.

शिकणारे नेमके इथेच गोंधळतात, हे संशोधनानेही दाखवले आहे. वॉशिंग्टन विद्यापीठातल्या लिलियन मॅक्डरमॉट आणि पीटर शॅफर यांनी १९९२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात पाच एकसारख्या बल्बांचा एक प्रश्न आहे. एका आदर्श बॅटरीला एकच बल्ब, तशाच दुसऱ्या बॅटरीला दोन बल्ब एकसर, तिसरीला दोन बल्ब समांतर. प्रखरतेचा क्रम लावायचा. एकटा बल्ब आणि समांतरमधले दोन्ही बल्ब सारखेच प्रखर, एकसरमधले दोन मंद. पदार्थविज्ञान घेतलेल्या कॉलेजच्या विद्यार्थ्यांपैकी सुमारे १५ टक्क्यांनाच हे जमले. बॅटरी ठरावीक धारा देते आणि ती शाखांत वाटली जाते, असे बहुतेकांना वाटत होते. बॅटरी विभवांतर ठरवते, धारा किती घ्यायची ते शाखा ठरवतात, ही गोष्ट सूत्र पाठ करून कळत नाही. दोन टॉर्चचे बल्ब, एक ताजा सेल आणि एक उतरलेला सेल घेऊन प्रत्येक वर्गात हे करून पाहता येईल. ताज्या सेलवर दुसरा बल्ब जोडला तर पहिला जवळपास तसाच राहतो. उतरलेल्या सेलचा अंतर्गत रोध वाढलेला असतो, तिथे तो मंद होतो. पुस्तकातला नियम आणि त्याची मर्यादा एकाच बाकावर दिसते.

मोजमापात समांतर जोडणी किती कामाची आहे, हे फारसे कुणी सांगत नाही. १०० ओहम आणि १ मिलिअँपिअरचा गॅल्व्हनोमीटर १० अँपिअर मोजू शकतो, कारण त्याला समांतर ०.०१ ओहमची जाड पट्टी लावता येते. तिलाच शंट म्हणतात. जवळपास सगळी धारा पट्टीतून जाते, दहा हजारांतला एक भाग काट्याकडे येतो. उलट दुरुस्तीच्या दुकानात हीच जोडणी फसवते. सर्किटमध्ये बसलेला रोध मल्टिमीटरने तसाच मोजला, तर शेजारच्या वाटांमुळे आकडा कमी येतो. म्हणून जुना मेकॅनिक आधी त्याचा एक पाय सोडवून घेतो. आणि आकडा छापील किमतीपेक्षा जास्त आला, तर तो रोध खराब आहे हे पाय न सोडवताही ठरते, कारण समांतर वाटेने रोध कधी वाढत नाही.

या सगळ्यात मला सर्वांत सुंदर वाटते ती ऑस्ट्रेलियातल्या हॅमन यांनी १९५४ मध्ये मांडलेली युक्ती. १०० ओहमचे दहा रोध एकसर जोडले की १००० ओहम, तेच समांतर जोडले की १० ओहम. गुणोत्तर १०० चे. आता प्रत्येक रोधात दहा हजारांत एक भाग एवढी चूक असली, तरी गुणोत्तरातली चूक दहा कोटींत एका भागाच्या आसपासच राहते. एकसर जोडणीत सरासरी चूक जेवढी येते, तेवढीच समांतरमध्येही येते, आणि भागाकारात ती निघून जाते. साधारण प्रतीच्या दहा तुकड्यांतून अतिशय काटेकोर प्रमाण मिळते. प्रमाणीकरणाच्या प्रयोगशाळांनी ही पद्धत उचलली, यात नवल नाही.

नियमाच्या काठावरच्या काही जागा थोडक्यात सांगतो. एलईडी नुसते समांतर जोडू नयेत. एक जरा जास्त तापला की त्याच्या वाट्याची धारा आणखी वाढते, म्हणून प्रत्येक ओळीला स्वतंत्र रोध लागतो. प्रत्यावर्ती धारेत शाखांच्या आकड्यांची सरळ बेरीज चालत नाही. पंपाची मोटार ०.७ पॉवर फॅक्टरने १० अँपिअर घेत असेल आणि तिला समांतर ५ अँपिअर घेणारा कपॅसिटर लावला, तर मुख्य तारेतली धारा १५ होत नाही, ७.३ अँपिअरवर उतरते. अर्थिंगचे दोन खड्डे जवळजवळ घेतले तर रोध निम्मा होत नाही, कारण दोन्ही वाटा त्याच मातीतून जातात. खड्ड्यांत इलेक्ट्रोडच्या लांबीच्या दुप्पट तरी अंतर हवे.

अर्थिंगवरून 'कमीत कमी रोधाच्या वाटे'कडे पुन्हा यावे लागते, कारण त्या वाक्याने माणसे मरतात. गिझरच्या टाकीला फेज लागली. घरच्या अर्थिंगचा रोध ५ ओहम, ट्रान्सफॉर्मरकडच्या अर्थिंगचा ५ ओहम. दोन्हींतून २३ अँपिअर जातात आणि टाकी ११५ व्होल्टवर उभी राहते. एवढ्या धारेला १६ अँपिअरचा एमसीबी लगेच पडेलच असे नाही. आता ओल्या पायांनी कुणी टाकीला हात लावला. शरीराचा रोध १००० ओहम धरला, तर अर्थिंगपेक्षा दोनशेपट अवघड वाट. तरीही तिच्यातून ११५ मिलिअँपिअर जातात. एकूण धारेच्या अर्धा टक्का, आणि जीव घ्यायला तेवढे पुरे. एवढी गळती होताच पुरवठा तोडणारा ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी लावायचा तो यासाठी. नुसते अर्थिंग आहे म्हणून निर्धास्त राहू नये.

शेवटची बाब न्यूट्रलची. आपली घरे फेज आणि न्यूट्रल यांच्यामध्ये समांतर आहेत, ती न्यूट्रल शाबूत आहे तोवर. वादळात किंवा सैल जोडामुळे खांबावरचा सामाईक न्यूट्रल तुटला, की वेगवेगळ्या फेजवरची दोन घरे सुमारे ४०० व्होल्टला एकमेकांशी एकसर होतात. एका घरात २००० वॅटचा गिझर चालू आहे, दुसऱ्यात फक्त १०० वॅटचा बल्ब. २६ ओहम आणि ५२९ ओहम एकसर. गिझरच्या घराला १९ व्होल्ट मिळतात, बल्बच्या घराला ३८१. ज्याने कमी वीज वापरली त्याचाच टीव्ही, फ्रिज, चार्जर जळतो. वर्तमानपत्रात दुसऱ्या दिवशी 'व्होल्टेज वाढल्याने उपकरणे जळाली' एवढीच बातमी येते.

त्यामुळे एवढे जरूर करा. दिवे अचानक डोळे दिपतील इतके प्रखर झाले, किंवा थ्री-फेजच्या घरात एका खोलीत उजेड वाढला आणि त्याच वेळी दुसऱ्या खोलीत मिणमिणू लागला, तर टीव्हीचा प्लग काढायला धावू नका. आधी मेन स्विच बंद करा, शेजाऱ्यांना हाक मारा आणि वीज कंपनीला कळवा. घराचे वायरिंग नव्याने करत असाल, तर आरसीसीबीबरोबर जादा व्होल्टेजला तोडणारे उपकरणही वायरमनकडून बसवून घ्या आणि न्यूट्रलचे जोड त्याच्याकडून समोर उभे राहून आवळून घ्या.